ड्रायव्हर वर की खाली

डेन्टन बोहानच्या पिकअपच्या दारात, कडेच्या पट्टीवर, तळहाताएवढं एक स्टिकर होतं. गाडी घेऊन चार वर्षं झाली तरी डेन्टनने ते कधी वाचलं नव्हतं. त्याची सासू आर्डिस हिने मात्र मागे ट्रेलर जोडायचं ठरलं त्या पहिल्याच दिवशी ते चष्मा लावून वाचलं आणि भांडणाला तोंड फुटलं. म्हणजे भांडण जुनंच होतं, स्टिकरचं आपलं निमित्त.

तीन आठवड्यांपूर्वी डेन्टनने तीस फुटी ट्रेलर आणून दारात उभा केला. आत ओटा, न्हाणी, पुढे पलंग, मागे झोपायचे तीन बंक. अ‍ॅरिझोनात त्याला वायरिंगचं काम मिळालं होतं आणि हिवाळाभर सगळ्यांनी ट्रेलरमध्येच राहायचं होतं: तो, त्याची बायको लॉरेल, सात वर्षांची विनी आणि मागच्या खालच्या बंकवर आर्डिस. हा शेवटचा घास काही डेन्टनच्या घशाखाली उतरत नव्हता. पण लॉरेलने निक्षून सांगितलं होतं की आपण दोघं कामावर गेल्यावर पोरीजवळ माझी आई हवी. आर्डिसने तेवढ्या शब्दावर मोन्टानातलं घर विकून टाकलं. एकसष्ट वर्षांच्या त्या बाईला आता जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे विनी ज्या छपराखाली झोपेल त्या छपराखाली एक बंक. ते तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ती बोलली ती स्टिकरबद्दल.

"किती ओढते म्हणालास ही गाडी?"

"अकरा हजार दोनशे पौंड," डेन्टन म्हणाला. "आणि ट्रेलर गच्च भरून सात हजारांचा. मागे अजून एक गाय बांधली तरी चालेल."

"अकरा हजार कोण म्हणतं?"

"कंपनीचं पुस्तक म्हणतं."

"पुस्तक गाडी विकायला छापतात. दारावर काय लिहिलंय ते वाच. माणसं, सामान आणि ट्रेलरचा मानेवर येणारा भार, सगळं धरून ही गाडी सात हजार पन्नासच्या वर जाता कामा नये. ओढायचं वेगळं आणि अंगावर घ्यायचं वेगळं, जावईबापू."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या मुलखात निम्मे लोक पुस्तकातला मोठा आकडा पाठ करतात आणि दारावरचा छोटा आकडा विसरतात. ट्रेलर जोडला की त्याच्या वजनाचा आठवा-नववा हिस्सा पिकअपच्या मागच्या चाकांवर येऊन बसतो. त्यात चार माणसं आणि हत्यारांची पेटी टाकली की गाडी ओढायला तयार असते, पण कंबर मोडते. डेन्टनच्या गाडीचीही कंबर वाकली होती. त्यावर त्याने काय करावं? मागच्या स्प्रिंगमध्ये हवेचे फुगे बसवून घेतले. गाडी पुन्हा सपाट दिसायला लागली आणि तो सासूला बोलावून म्हणाला, "बघा, कुठे वाकलीय?"

"कंबरेला पट्टा बांधलास," आर्डिस म्हणाली. "ओझं तेवढंच आहे."

असं तीन आठवडे चाललं. त्यात तिने आपलं शिवणयंत्र शेजारणीला देऊन टाकलं, बटाट्याच्या लेफ्सा पोळ्या भाजायचा बिडाचा तवाही दिला, जनरेटर उतरवायला लावला. आता तिच्या नावाची एक वीस पौंडांची बॅग तेवढी गाडीत होती. तरी तिचं समाधान नव्हतं. वजन करून घे, वजन करून घे, असा तिने धोशा लावला होता, आणि दर वेळी डेन्टनच्या जबड्याची शीर ताठ व्हायची. इतर कुठल्या बाईने वजनाचं नाव काढलं असतं तर त्याने एव्हाना करूनही आणलं असतं. आर्डिसच्या तोंडून मात्र तो शब्द त्याला सोसत नव्हता.

कारण असं होतं. आर्डिसने एकतीस वर्षं गावातल्या धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळला होता. गव्हाचा भरलेला ट्रक काट्यावर यायचा, वजन व्हायचं, गहू ओतून तोच ट्रक रिकामा परत यायचा, पुन्हा वजन व्हायचं. मधला फरक तो गहू. या धंद्यातली सगळ्यात जुनी लबाडी अशी की भरल्या ट्रकबरोबर ड्रायव्हरने आपलंही वजन करवून घ्यायचं आणि रिकाम्या ट्रकच्या वेळी हळूच खाली उतरायचं. मग ड्रायव्हरच्या वजनाइतका, म्हणजे तीन-चार बुशेल, गहू फुकटात विकला जातो. म्हणून आर्डिस प्रत्येक ट्रकला खिडकीतून एकच प्रश्न विचारायची: ड्रायव्हर वर की खाली? आणि पावतीवर तसं लिहायची.

अकरा वर्षांपूर्वी ऐन सुगीत डेन्टनचा बाप ऑरव्हिल रिकामा ट्रक घेऊन काट्यावर आला, खाली उतरून टायर बघत उभा राहिला आणि वजन होऊन गेलं. आर्डिसने प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, "वर." मग स्वतःकडे बघून म्हणाला, "अरेच्चा, विसरलो. खाली आहे." आर्डिसने लाउडस्पीकरवरून, मागे चौदा ट्रक उभे असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "चार बुशेल गव्हासाठी विसरलास का ऑरव्हिल?" चौदा ट्रकांतले लोक हसले. त्यातल्या तिसऱ्या ट्रकमध्ये चोवीस वर्षांचा डेन्टन बसला होता. त्यानंतर ऑरव्हिलने त्या कोठारावर पाय ठेवला नाही, गहू चाळीस मैल लांब नेऊन विकला, कॅफेत जाणं सोडलं, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागला आणि चार वर्षांनी गेला. डेन्टनने पुढे लॉरेलशी लग्न केलं, पण सासूला तो शब्द माफ केला नाही. आर्डिसनेही कधी माफी मागितली नाही. तिच्या मते काट्यापुढे नातीगोती नसतात. तिला तसं वाटत असे आणि तसं वाटण्याचा तिला थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

आज प्रवासाचा दुसरा दिवस होता. वायोमिंगमध्ये घाटाच्या पायथ्याशी ट्रकवाल्यांचा मोठा थांबा आहे, तिथे डेन्टनने डिझेल भरलं. पुढे चढ, माथा आणि मग पलीकडे चौदा मैलांचा सरळ उतार. थांब्याच्या कडेला वजनकाटा होता. आर्डिस सँडविचचा कागद घडी करत म्हणाली, "काटा आहे."

"मला दिसतोय."

"मग?"

"मग काही नाही. मला डोळे आहेत एवढंच सांगितलं."

"उतारावर मागून सात हजार पौंड ढकलायला लागले आणि ब्रेक तापले की डोळ्यांचा काय उपयोग?"

"सासूबाई, काल चारशे मैल आलो. काही झालं?"

"काल सपाटी होती."

मग लॉरेल बोलली. ती दोन दिवस गप्प होती. ती पुढच्या सीटवरून मागे न वळताच म्हणाली, "डेन्टन, वजन कर. नाहीतर मी विनीला घेऊन बसने येते. आई, आणि तू. आकडा बरोबर आला तर अ‍ॅरिझोनापर्यंत मला तुझा आवाज ऐकायचा नाही."

डेन्टनने गाडी सुरू केली नाही. आरशातून त्याने सासूकडे बघितलं. "आवाज बंद एवढ्यावर नाही भागायचं. आकडा बरोबर आला तर माझ्या बापाची माफी मागायची. इथे, विनीसमोर."

"आणि चूक आला तर?"

"तर तुम्ही सांगाल ते सामान मी इथे टाकून जाईन."

"कबूल," आर्डिस म्हणाली.

विनीने विचारलं, "आजोबांनी काय केलं होतं?" डेन्टनने किल्ली फिरवली.

गाडी काट्यावर चढू लागली. काट्याला तीन पाट असतात. पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची तिसऱ्यावर यायला हवीत, नाहीतर आकड्यांची खिचडी होते. डेन्टनला हे जमणार नाही याची आर्डिसला खात्रीच होती. ती दार उघडून खाली उतरली आणि कडेने चालत हाताने खुणा करू लागली. पुढे. अजून. थोडं मागे. थांब. एकतीस वर्षं तिने खिडकीतून हेच केलं होतं, हात आपोआप हलत होते. डेन्टनने खांबावरचं बटण दाबलं, आतल्या माणसाने स्पीकरवरून "झालं, पावती आत येऊन घ्या" असं सांगितलं, आणि गाडी काट्यावरून उतरून कडेला उभी राहिली. आर्डिस तशीच चालत आत गेली आणि पावती घेऊन आली.

येताना तिने वाचली. पुढची चाकं तीन हजार, मागची चार हजार वीस. पिकअपचं एकूण वजन सात हजार वीस. मर्यादा सात हजार पन्नास. ट्रेलरही आपल्या मर्यादेत होता, जेमतेम.

तिने पावती डेन्टनच्या हातात दिली. त्याने बेरीज केली, पुन्हा केली, आणि मग दार उघडून स्टिकरवर बोट ठेवून आकडा पडताळून बघितला. आयुष्यात पहिल्यांदा वाचला म्हणायचा.

"तीस पौंड शिल्लक," तो म्हणाला. त्याचा चेहरा खुलला, पण आवाजात गोडवा नव्हता. "लॉरेल, ऐकलंस? तीन आठवडे डोकं खाल्लं. तीस पौंड शिल्लक. चला सासूबाई, बोला आता."

"डेन्टन, पुरे," लॉरेल म्हणाली.

"पुरे कसं? कबूल केलंय त्यांनी. माझा बाप चार वर्षं मान खाली घालून फिरला. यांना एक वाक्य बोलायचंय."

आर्डिसला राग आला होता, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं होतं. आकडा बरोबर होता. पोर घाटातून नीट उतरणार होती. एक वाक्य गिळायचं आणि चढून बसायचं. तिने मागचं दार उघडलं. विनीने आपली रंगांची पेटी उचलून तिच्यासाठी जागा केली आणि सीट थोपटली. आर्डिसने पाय पायरीवर ठेवला, हँडल धरलं, अंग वर खेचलं. गाडी तिच्या बाजूला किंचित दबली.

तिने पाय खाली घेतला.

गाडी दबली होती म्हणजे तिचं वजन आता गाडीवर आलं होतं. मघाशी नव्हतं. मघाशी ती काट्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होती. तिचं वजन एकशे अठ्ठावन्न पौंड. शिल्लक तीस.

कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. डेन्टनच्या तर नाहीच, तो विजयाच्या गुर्मीत होता. लॉरेल रस्त्याकडे बघत होती. ही गोष्ट जगात एकट्या आर्डिसला माहीत होती, आणि तिने तोंड उघडलं नसतं तर कधीच कुणाला कळली नसती. एकशे अठ्ठावीस पौंड म्हणजे असं काय मोठं? याहून जास्त लादून लोक रोज जातात. कित्येकांना काही होत नाही. हे सगळं तिने स्वतःला सांगून बघितलं. मग तिने विनीच्या पट्ट्याकडे बघितलं, आणि त्या चौदा मैलांच्या उताराचा विचार केला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"वजन चुकलंय," ती म्हणाली.

डेन्टन हसला. "वाटलंच होतं. आता काटाही खोटा."

"काटा खरा आहे. मी खाली होते."

"म्हणजे?"

"वजन झालं तेव्हा मी गाडीत नव्हते. चाकं पाटांवर नीट येतायत का बघायला उतरले होते. मला धरून गाडी सव्वाशे पौंड जास्त भरते."

डेन्टनच्या मानेवर लाल चट्टे उमटले. "तुम्ही मुद्दाम उतरलात. माफी मागायला लागू नये म्हणून. किंवा मला बापासारखा चोर ठरवायला. वर की खाली, वर की खाली, आयुष्यभर तुम्हाला तेवढंच येतं."

"मुद्दाम नाही उतरले."

"एकतीस वर्षं काट्यावर बसलेली बाई मुद्दाम उतरली नाही?"

"विसरले," आर्डिस म्हणाली.

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि दोघांनाही तो ओळखीचा वाटला. ऑरव्हिलने म्हटला होता तोच.

आर्डिसने दाराची कड घट्ट धरली होती. "तुझा बाप म्हणाला होता, विसरलो. मी ऐकून घेतलं नाही. माझ्या मते काट्यावर कुणी विसरत नसतं. टायर बघायला उतरला होता तो. खरंच विसरला होता की नाही, मला माहीत नाही डेन्टन, आजही माहीत नाही. पण तेव्हाही माहीत नव्हतं, आणि मी चौदा ट्रकांपुढे माहीत असल्यासारखं बोलले. ते चुकलं माझं. विनी, तू ऐकतेयस ना? तुझ्या आजोबांना मी वाईट बोलले होते, आणि त्यांनी चोरी केली की नाही हे मला ठाऊक नव्हतं."

विनीने मान हलवली. अकरा वर्षं डेन्टनने ज्या वाक्याची वाट बघितली ते असं, वाटेवर, डिझेलच्या वासात मिळालं आणि त्याला त्याचं काय करायचं ते समजेना. तो गाडीच्या मागे गेला आणि पिकअपच्या हौद्यात बघत उभा राहिला. तिथे आर्डिसची वीस पौंडांची बॅग होती आणि शेजारी हत्यारांची पेटी. एकशे नव्वद पौंड. पेटीच्या झाकणावर ऑरव्हिलच्या नावाची अक्षरं खोदलेली होती.

लॉरेल त्याच्यामागे गेली. "पेटी ठेव इथे. नंतर मागवू."

"सोमवारी कामावर काय नखं घेऊन जाऊ?"

"मागे ट्रेलरमध्ये टाक मग."

"ट्रेलर काठोकाठ भरलाय," आर्डिस म्हणाली. "आणि मागे टाकलंस तर उलाळ होईल, ट्रेलरची मान वर उचलली जाईल. शेपूट हलवायला लागला की गाडीला घेऊन दरीत जाईल."

"आई, तू गप्प बस. मी तुझ्यासाठी भांडतेय."

डेन्टनचा हात पेटीच्या कडीवर होता. आर्डिसने तो बघितला. तो हात बराच वेळ तिथे होता. कडी उघडत नव्हता आणि सुटतही नव्हता. तिने वाट बघितली, जितकी बघणं बरं दिसलं असतं त्याहून थोडी जास्तच.

मग तीच म्हणाली, "सोड ती. माझ्यासाठी बापाची हत्यारं रस्त्यावर टाकलीस तर मरेपर्यंत ऐकवशील. मी सांगेन ते सामान उतरवायचं असं ठरलंय ना? माझी बॅग उतरव."

डेन्टनने कडीवरचा हात काढला. त्याने बॅग उचलली आणि तिच्या पायाशी ठेवली. आपटली नाही, एवढंच. "बस सुटते इथून," तो खालीच बघत म्हणाला. "चौकशी करा आत."

"आणि तिथे पोचल्यावर? न्यायला येशील?"

"बघू."

हे 'बघू' आर्डिसने आयुष्यात पुष्कळ ऐकलं होतं. गव्हाचा भाव वाढेल का म्हटलं की कोठाराचा मालक असंच बोलायचा.

लॉरेल रडायला लागली होती आणि मीही उतरते म्हणत होती. आर्डिसने तिला दंडाला धरून मागे विनीशेजारी बसवलं. "घाटात पोरीला उलटी होते. तू तिच्याजवळ हवीस. फोन कर." मग तिने डेन्टनच्या हातातली पावती मागून घेतली, पर्समधून पेन्सिल काढली आणि आकड्यांखाली, जशी एकतीस वर्षं लिहीत आली होती तशी, एक ओळ लिहिली: आर्डिस खाली.

"धर. आता ही खरी आहे."

डेन्टनने ती वाचली. घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

"माथ्यावरूनच दुसऱ्या गिअरमध्ये घाल," ती म्हणाली. "ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. दाबायचा, सोडायचा."

"माहीत आहे मला."

"तुला स्टिकरही माहीत नव्हतं."

विनीने काच खाली केली. "आजी, तू कधी चढणार?"

"तुम्ही निघा, मी मागून येते," आर्डिस म्हणाली. त्या दिवशी तिने केलेलं हे एकच विधान असं होतं, ज्याची तिला खात्री नव्हती.

पिकअप निघाला. ट्रेलर त्याच्यामागे सरळ, न डुलता गेला, आणि धंद्यातली बाई म्हणून तिला ते बघून बरं वाटलं. रस्त्याला लागून तो घाट चढू लागला. आर्डिस बॅग घेऊन चौकशीच्या खिडकीकडे निघाली, पण मध्येच थांबली आणि वळून बघत राहिली, पहिल्या वळणावर पांढरं छप्पर दिसेनासं होईपर्यंत. ती कुठे उभी आहे याकडे तिचं लक्ष नव्हतं. मागे एक मोठा ट्रक येऊन गुरगुरत थांबला.

खांबावरचा स्पीकर खरखरला. "काट्यावर कोण आहे? इथे एकशे ऐंशी दाखवतंय. बाई, खाली उतरा, ट्रकला वजन करायचंय."

आर्डिसने बॅग उचलली आणि ती खाली उतरली.